इंग्रजीतील अनुमानदर्शक साहाय्यक क्रियापदे

इंग्रजी भाषेत एखाद्या गोष्टीविषयीची खात्री, शक्यता किंवा अंदाज व्यक्त करण्यासाठी मस्ट, विल, शुड, मे, माइट, कुड आणि कॅन्ट ही साहाय्यक क्रियापदे वापरली जातात. या वापरात त्यांना अनुमानदर्शक साहाय्यक क्रियापदे म्हणता येते. हीच क्रियापदे सक्ती, परवानगी, क्षमता, इच्छा असे अर्थही दाखवतात. त्यामुळे वाक्यातील नेमका अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो. मराठीत हे काम असेल, असावा, असणार, असला पाहिजे, असू शकेल अशी क्रियारूपे आणि कदाचित, बहुधा, नक्की, म्हणे यांसारखी अव्यये मिळून करतात. दोन्ही भाषांतील रूपांचे वजन सारखे नसते. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले की अंदाजाचे आश्वासन होते किंवा तर्काची आज्ञा होते.

प्रस्तुत लेखातील उदाहरणे मुख्यतः पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांच्या दैनंदिन व्यवहारांतून घेतली आहेत. शेती, साखर कारखानदारी व औद्योगिक वसाहती शेजारी शेजारी असलेल्या या भागात मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांना पुढे कामाच्या ठिकाणी इंग्रजी अहवाल, सूचना व पत्रे लिहावी लागतात.

अर्थ व व्याप्ती

'यू मस्ट गो' आणि 'यू मस्ट बी टायर्ड' या दोन वाक्यांत मस्ट हे क्रियापद एकच आहे. पहिल्या वाक्याचा अर्थ 'तुला गेलेच पाहिजे' असा आहे. दुसऱ्या वाक्यात थकण्याची सक्ती नाही. समोरच्याचा चेहरा पाहून किंवा त्याने केलेल्या प्रवासाचा विचार करून बोलणारा 'तू थकला असशील' असा निष्कर्ष काढतो. पहिल्या अर्थाला कर्तव्यविषयक आणि दुसऱ्याला ज्ञानविषयक अर्थ म्हणतात. हा भेद तर्कशास्त्रात ठळकपणे मांडण्याचे श्रेय फिनलंडचे तत्त्वज्ञ गेओर्ग हेन्रिक फॉन राइट यांच्या 1951 मधील 'अॅन एसे इन मोडल लॉजिक' या ग्रंथाला दिले जाते. इंग्रजी व्याकरणाच्या अंगाने त्याचा सविस्तर विचार एफ. आर. पामर यांनी केला.

भारतीय न्यायशास्त्रातील अनुमानाची कल्पना येथे उपयोगी पडते. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमानाचे सर्वपरिचित उदाहरण आहे. अग्नी प्रत्यक्ष दिसलेला नसतो, दिसलेला असतो तो धूर. मस्टचा अनुमानदर्शक वापर नेमका असाच असतो. भवानीनगरच्या कारखान्याच्या धुराड्यातून धूर येताना पाहून दूरच्या रस्त्यावरचा माणूस 'गाळप सुरू झाले असणार' म्हणतो, तेथे इंग्रजीत 'दे मस्ट हॅव स्टार्टेड क्रशिंग' हे वाक्य चपखल बसते. तोच माणूस कारखान्याच्या आवारात उभा राहून उसाची मोळी गव्हाणीत पडताना पाहत असेल, तर मस्ट वापरणे चूक ठरेल. जे डोळ्यांसमोर आहे त्याचे अनुमान करण्याचे कारण नसते. म्हणून मस्ट हा शब्द जोरकस वाटला, तरी साध्या विधानापेक्षा तो एक पायरी खालचा असतो. 'तो घरी आहे' यात जी खात्री आहे, ती 'तो घरी असणार' यात नाही.

व्युत्पत्ती

या क्रियापदांचे मूळ अर्थ वेगळे होते. मे हे क्रियापद जुन्या इंग्रजीतील 'सामर्थ्य असणे' या अर्थाच्या धातूपासून आले, तर कॅन 'जाणणे' या अर्थाच्या धातूपासून. विलचा मूळ अर्थ 'इच्छिणे' हा आहे. मस्ट, माइट, कुड व शुड ही मुळात भूतकाळी रूपे होत. सामर्थ्य, ज्ञान, इच्छा यांवरून परवानगी व सक्ती आणि तेथून अंदाज असा हा अर्थविस्तार शतकानुशतके होत गेला.

मराठीतही जवळजवळ हीच वाट दिसते. करावे, असावे या रूपांतील 'आवा' हा प्रत्यय संस्कृतातील 'तव्य' या प्रत्ययापासून प्राकृतातून आला. 'कर्तव्य' म्हणजे जे करायचे आहे ते. कर्तव्य सांगणाऱ्या या प्रत्ययानेच पुढे 'तो घरी असावा' असा तर्कही व्यक्त होऊ लागला. 'पाहिजे' हे तर 'पाहणे' या धातूचे जुने कर्मणी रूप आहे. जे पाहिले जाते, शोधले जाते, ते हवे असते. त्या 'हवे'पासून सक्ती निघाली आणि सक्तीपासून 'असला पाहिजे' हे अनुमान.

मराठीतील समांतर रूपे

दादोबा पांडुरंग यांच्या 1836 मधील व्याकरणापासून मराठी व्याकरणाची मांडणी पाश्चात्त्य व्याकरणाशी तुलना करत होत आली. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (1911) या ग्रंथानंतर ही चर्चा अधिक बारकाईची झाली. शालेय व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे चार अर्थ शिकवले जातात. विध्यर्थाखाली कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा व तर्क या छटा सांगितल्या जातात. यांतील तर्क ही छटा बहुतेक विद्यार्थ्यांच्या लक्षात राहत नाही. कर्तव्याची उदाहरणे मात्र सुविचारांमुळे तोंडपाठ असतात.

इंग्रजीत मस्टचा अर्थ संदर्भावर सोडला जातो. मराठी मात्र कर्तव्य आणि तर्क हा फरक व्याकरणातच दाखवते, आणि या विषयातील ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे. 'त्याने घरी असावे' आणि 'तो घरी असावा' ही वाक्ये शेजारी ठेवली की हे स्पष्ट होते. पहिल्या वाक्यात कर्त्याला 'ने' हा प्रत्यय लागला आहे आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात, म्हणजे भावे प्रयोगात आहे. अर्थ कर्तव्याचा आहे. दुसऱ्या वाक्यात कर्ता प्रथमेत आहे आणि क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. अर्थ तर्काचा आहे. 'पाहिजे'च्या बाबतीतही तेच घडते. 'त्याने घरी असले पाहिजे' ही सक्ती, तर 'तो घरी असला पाहिजे' हे अनुमान. 'ती घरी असावी' हा शेजारणीने बांधलेला अंदाज आहे आणि 'तिने घरी असावे' हा कोणीतरी घातलेला दंडक आहे. एका प्रत्ययाने अर्थ किती दूर जातो, हे याहून थोडक्यात सांगणे कठीण आहे.

हा भेद सर्वत्र टिकत नाही. कर्ता निर्जीव असला की दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र येतात. 'कालव्याचे पाणी उद्यापर्यंत आले पाहिजे' हे वाक्य पाटबंधारे कार्यालयात उभा असलेला शेतकरी म्हणतो, तेव्हा ती मागणी असते. आवर्तन कधी सुटले हे ठाऊक असलेला माणूस तेच वाक्य बांधावर बसून म्हणतो, तेव्हा तो हिशेब असतो. इंग्रजीतील 'द वॉटर शुड रीच बाय टुमॉरो' या वाक्यातही हीच संदिग्धता जशीच्या तशी आढळते. नीरा डाव्या कालव्याच्या शेवटाकडील गावांत या दोन अर्थांमधले अंतर उभ्या पिकावर मोजले जाते.

पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण बोलीत 'असेल'चे 'असंल' व 'असतील'चे 'असत्याल' असे उच्चार ऐकू येतात. अर्थाच्या दृष्टीने ती प्रमाण रूपांसारखीच आहेत.

खात्रीच्या पायऱ्या

बारामतीहून इंदापूरकडे निघालेल्या एसटीची निमगाव केतकीच्या थांब्यावर वाट पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण घेता येईल. गाडी वेळेवर सुटल्याचे त्याला फोनवर कळले आहे आणि बराच वेळ लोटला आहे. तो म्हणेल, 'गाडी लासुर्णे ओलांडून आली असणार.' इंग्रजीत हे 'द बस मस्ट हॅव पास्ड लासुर्णे' असे होईल. सुटण्याची वेळ फक्त वेळापत्रकावरून माहीत असेल, तर 'आतापर्यंत लासुर्ण्याला यायला हवी', म्हणजे 'इट शुड बी अॅट लासुर्णे बाय नाउ'. येथे आधार नेहमीच्या क्रमाचा आहे. काही बिनसले असेल तर अंदाज चुकेल, हे शुडमध्ये गृहीतच असते. काहीच ठाऊक नसेल, तर 'आली असेल, नसेलही', म्हणजे 'इट मे ऑर मे नॉट हॅव'. माइट व कुड यांनी शक्यता आणखी पातळ होते, पण मे आणि माइट यांतील फरक आजच्या बोलण्यात फारसा पाळला जात नाही.

मराठीतील पायऱ्या साधारणपणे असणार, असला पाहिजे, असावा, असेल, असू शकेल अशा उतरत्या क्रमाने लावता येतात. हा क्रम पक्का नाही. 'च' आणि 'ही' ही दोन शब्दयोगी अव्यये तो सहज उलटवतात. 'असेलच' म्हटले की अंदाज खात्रीकडे झुकतो आणि 'असेलही' म्हटले की तो हात झटकल्यासारखा होतो. काही मार्गदर्शक पुस्तकांत मस्ट म्हणजे अमुक टक्के आणि मे म्हणजे तमुक टक्के असे तक्ते दिलेले असतात. ते लक्षात ठेवण्याची सोय म्हणून ठीक आहेत, भाषेचा नियम म्हणून नाहीत. शब्दाला टक्केवारी बांधायचीच असेल, तर ती आधी जाहीर करावी लागते. हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या अहवालांत तसे केलेले असते. तेथे 'लाइकली' म्हणजे किमान 66 टक्के आणि 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान 90 टक्के संभाव्यता असा अर्थ ठरवून दिला आहे.

सर्वाधिक घोटाळा 'असेल' व विल या जोडीत होतो. दोन्ही भविष्यकाळी रूपे आहेत आणि दोन्ही वर्तमानाविषयीच्या अंदाजासाठीही वापरली जातात. दारावर थाप पडताच 'दॅट विल बी द पोस्टमन' म्हणणारा इंग्रज जवळजवळ खात्रीने बोलत असतो. 'पोस्टमन असेल' म्हणणाऱ्या मराठी माणसाचे मन तितके ठाम नसते. 'साहेब चार वाजता कार्यालयात असतील' हा शिपायाचा अंदाज 'सर विल बी इन द ऑफिस अॅट फोर' असा इंग्रजीत गेला, की ऐकणाऱ्याला ती ठरलेली वेळ वाटते. तो बाहेरगावाहून येतो आणि साहेब नसतात. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष असल्याने ही चूक कोणी दुरुस्तही करत नाही. अशा ठिकाणी 'शुड बी' किंवा 'विल प्रॉबब्ली बी' हे अधिक प्रामाणिक भाषांतर होय.

नकारार्थी अनुमान

नकारात मस्टचा उलट शब्द मस्ट नॉट नसून कॅन्ट आहे. 'यू मस्ट नॉट पार्क हिअर' ही मनाई आहे. 'ही कॅन्ट बी अॅट होम, द हाउस इज लॉक्ड' हे अनुमान आहे. मराठी विद्यार्थी 'तो घरी नसला पाहिजे' या वाक्यावरून 'ही मस्ट नॉट बी अॅट होम' असे वाक्य करतात. अमेरिकन इंग्रजीत हे अनुमान म्हणून चालते. ब्रिटिश वळणाच्या शालेय इंग्रजीत ते टाळण्यास सांगितले जाते.

कॅन्टचा जोर मराठीत क्रियापदापेक्षा प्रश्नाने चांगला उतरतो. 'घराला कुलूप आहे, तो घरी कसा असेल?' हा प्रश्न नाही, निष्कर्ष आहे. 'असणे शक्य नाही' हे भाषांतर अचूक असले तरी ते कागदावरचे वाटते. मे नॉटचा अर्थ मात्र सौम्य असतो. 'ही मे नॉट बी अॅट होम' म्हणजे 'तो घरी नसेलही'. कॅन्ट आणि मे नॉट यांची अदलाबदल झाली, तर 'अशक्य' आणि 'अनिश्चित' यांचीच अदलाबदल होते.

भूतकाळाविषयीचे अनुमान

घडून गेलेल्या गोष्टीविषयी अंदाज करताना साहाय्यक क्रियापदानंतर हॅव व मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित येते. मराठीत हे काम भूतकाळी रूप व 'असणे' यांच्या जोडीने होते. थंडीच्या दिवसांत 'भिगवणला रोहित पक्षी आले असणार' असे म्हटले जाते. उजनीच्या फुगवट्याच्या पाणथळीत ते दरवर्षी येतात, हा त्या अनुमानाचा आधार. इंग्रजीत हे 'द फ्लेमिंगोज मस्ट हॅव अराइव्ह्ड' असे होईल.

शुड हॅव व कुड हॅव यांबाबत सावध राहावे लागते. 'शी शुड हॅव कम' याचा नेहमीचा अर्थ 'ती यायला हवी होती', म्हणजे ती आली नाही. कुड हॅवचे दोन अर्थ होतात, 'आली असू शकेल' आणि 'येऊ शकली असती'. पहिल्यात काय झाले ते माहीत नाही, दुसऱ्यात ती आली नाही हे माहीत आहे. मराठीत दुसऱ्या अर्थासाठी संकेतार्थाचे 'असता, असती, असते' हे स्वतंत्र रूप असल्याने गोंधळ होत नाही. 'आली असेल' आणि 'आली असती' यांत मराठी मूलही चुकत नाही.

कॅन व सर्वसाधारण शक्यता

कॅन हे होकारार्थी वाक्यात विशिष्ट प्रसंगाचा अंदाज सांगण्यासाठी वापरले जात नाही. ते एखाद्या गोष्टीचा स्वभाव सांगते. 'मे महिन्यात इंदापुरात फार उकडू शकते' हे कॅनने सांगता येते. 'आज संध्याकाळी पाऊस येऊ शकतो' यासाठी मात्र मे, माइट किंवा कुड लागते. 'इट कॅन रेन टुडे' हे वाक्य मराठी भाषकांच्या इंग्रजीत वारंवार आढळते, कारण मराठीतील 'शकणे' दोन्ही कामे करते.

अंदाजासाठी 'शकणे'चा सढळ वापर तुलनेने अलीकडचा असून त्यावर हिंदी व इंग्रजीची छाया आहे, असे मराठीच्या शुद्धतेविषयी आग्रही असणारे मानतात. 'पाऊस येईल असे दिसते', 'पाऊस यायचा रंग आहे' अशी वाक्ये अवर्षणप्रवण पट्ट्यातील या तालुक्यांत आजही सहज बोलली जातात आणि ती 'येऊ शकतो'पेक्षा नेमकी आहेत. त्यांत अंदाजाचा आधार, म्हणजे आभाळ, आपोआप आलेला असतो.

शालेय अध्यापन

महाराष्ट्रात 2000 पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. माध्यमिक स्तरावर वाक्यातील साहाय्यक क्रियापद ओळखून त्याचे कार्य लिहा, अशा स्वरूपाचे प्रश्न विचारले जातात. मस्ट म्हणजे सक्ती, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे क्षमता अशी जोडी पाठ करण्याची प्रथा त्यातून पडली. संदर्भ नसलेल्या एकाकी वाक्यात ही जोडी अनेकदा चुकीचे उत्तर देते. 'शी मस्ट बी युवर सिस्टर' या वाक्यापुढे सक्ती असे लिहिणारा विद्यार्थी पाठांतरात कमी पडलेला नसतो. त्याला वाक्याचा अर्थ विचारलेलाच नसतो. तेच वाक्य आधी मराठीत 'ती तुझी बहीण असणार' असे म्हणून घेतले, तर कर्ता प्रथमेत आहे आणि सक्तीचा प्रश्न उद्भवत नाही, हे त्याला स्वतःच्या भाषेवरून कळते. इंग्रजीच्या तासाला मराठी व्याकरणाचा असा आधार क्वचितच घेतला जातो.

लेखनात मे बी ही दोन पदे व मेबी हे एकपदी क्रियाविशेषण यांची गल्लतही नित्याची आहे.

कायदा व अहवाललेखन

न्यायालयीन भाषेत या क्रियापदांचे वजन कायद्याने ठरवलेले असते. भारतीय पुरावा अधिनियम, 1872 च्या कलम 4 मध्ये 'मे प्रिझ्यूम', 'शॅल प्रिझ्यूम' आणि निर्णायक पुरावा अशा तीन पायऱ्यांच्या व्याख्या होत्या. पहिल्या पायरीत न्यायालय एखादी गोष्ट सिद्ध मानू शकते किंवा तिचा पुरावा मागू शकते. दुसरीत ती खोटी ठरेपर्यंत सिद्ध मानावीच लागते. तिसरीत ती खोडून काढण्यासाठी पुरावाच देता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही विभागणी कायम आहे. येथील मे हे अंदाजाचे नसून मुभेचे आहे. अंदाज 'गृहीत धरणे' या क्रियेत आहे आणि तो करायचा की नाही, हे न्यायालयावर सोपवले आहे. जुन्या कायद्याच्या कलम 114 खालील प्रसिद्ध उदाहरणात चोरीनंतर लगेच चोरीचा माल ज्याच्याकडे सापडतो आणि ज्याला त्याचा खुलासा देता येत नाही, तो चोर आहे किंवा माल चोरीचा आहे हे जाणून त्याने तो घेतला आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. 'शकते' या जागी 'धरलेच पाहिजे' असे भाषांतर झाले, तर आरोपीच्या वाट्याचा एक पूर्ण अवकाश नाहीसा होतो.

यंत्रांच्या देखभालीच्या नोंदी व वैद्यकीय अहवाल यांतही हीच काळजी घ्यावी लागते. बेअरिंग तेलाअभावी झिजले असावे, असे पाहणाऱ्याला वाटते. नोंदीत 'मस्ट हॅव फेल्ड' लिहिले गेले, तर पुढची पाळी दुसरे कारण शोधत नाही. 'मे हॅव फेल्ड' लिहिले, तर शोधते. तपासणीच्या अहवालातील 'मे' वाचून रोग झालाच असे समजणारे रुग्ण असतात, तसेच तो शब्द नजरेआड करून पुढची तपासणी टाळणारेही असतात.

ऐकीव माहिती

मराठीत अंदाजाच्या जवळची, पण अंदाजाहून वेगळी अशी एक सोय आहे, ती म्हणजे 'म्हणे'. 'टोळी उद्या येणार म्हणे' या वाक्यात ऊसतोडणीची टोळी येईल असे बोलणारा स्वतः ठरवत नाही आणि त्याची हमीही देत नाही. तो फक्त ऐकलेले पुढे पोहोचवतो. इंग्रजी साहाय्यक क्रियापदांत याला जोड नाही. जर्मनमधील 'झोलेन' हे क्रियापद मात्र हे काम करते. इंग्रजीत 'दे से', 'अॅपरंटली', 'इज सेड टू' अशा रचनांचा आधार घ्यावा लागतो. मराठी वृत्तपत्रांतील 'असल्याचे समजते' व 'असल्याचे सांगण्यात येते' ही 'म्हणे'चीच प्रतिष्ठित रूपे होत. 'टोळी उद्या येणार म्हणे' याचे 'द गँग मस्ट बी कमिंग टुमॉरो' असे भाषांतर केल्यास दुसऱ्याचे ऐकीव वाक्य बोलणाऱ्याचा स्वतःचा निष्कर्ष बनते, आणि टोळी न आल्यास जाब त्यालाच विचारला जातो.